अर्ध्या दाढीचं दरपत्रक

फेरिदुन बेय यांचा उजवा गाल गुळगुळीत झाला होता, डाव्या गालावर अजून फेस होता, आणि न्हावी कामरान उस्ता, म्हणजे कामरान उस्ताद, वस्तरा चामड्यावर घासत होता. नेमका तेव्हाच नगरपालिकेचा तपासनीस झिहनी बेय, आपल्या भाषेत झिहनीराव, दुकानात शिरला. तपासनीस नावाचा प्राणी माणूस धड अलीकडे नाही आणि धड पलीकडे नाही अशाच वेळी येतो, हा अनुभव कुणाला नसेल तर त्यानं एकदा दुकान काढून पाहावं.

"तारिफे कुठाय?" झिहनी बेयनं विचारलं.

तारिफे म्हणजे दरपत्रक. न्हाव्याच्या दुकानात एक वेळ आरसा नसला तरी चालेल, पण न्हाव्यांच्या संघटनेनं छापलेलं, शिक्का मारलेलं तारिफे भिंतीवर दिसायला हवं, असा कायदा. कामरान उस्तानं छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, मग रेडिओकडे पाहिलं. रेडिओचा एक पाय तुटका होता आणि त्याखाली घडी घालून ठेवलेला कागद म्हणजेच दुकानाचं तारिफे होतं. त्या काळी लिराला दर सहा महिन्यांनी एक नवं शून्य फुटायचं. त्या कागदावरच्या आकड्यांत आता पेरूसुद्धा आला नसता.

"आज शनिवार," झिहनी बेय वहीत लिहीत म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी सकाळी परत येतो. तारिफे भिंतीवर नसेल, तर दुकानाला तीन दिवस सील."

पुढच्या शनिवारी बायराम होती, म्हणजे बकरी ईद. तिच्या आदल्या दिवशी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या या दुतलुक गावातला प्रत्येक पुरुष, आजोबापासून नातवापर्यंत, कामरान उस्ताच्या खुर्चीत बसून जायचा. त्या एका दिवसाच्या गल्ल्यावर उस्तानं धाकट्या मुलीचा साखरपुडा ठरवला होता. हलवायाला सांगून झालं होतं, मुलाकडची मंडळी इझमीरहून निघणार होती. दुकानाला सील लागलं असतं तर उस्ताला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"बघतो काहीतरी," उस्ता पुटपुटला. "सोमवारी जाऊन आणतो."

"तू नाही," खुर्चीतून आवाज आला. "मी आणतो."

फेरिदुन बेय उठून उभे राहिले होते. गळ्यात पांढरं कापड, डाव्या गालावर फेस, आणि चेहऱ्यावर असा भाव की देशाला परकीय आक्रमणापासून वाचवायची वेळ आली आहे. बंदरावरच्या जकात कचेरीत एकतीस वर्षं नोकरी करून ते चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं त्यांनी एकच ग्रंथ वाचला, तो म्हणजे जकातीचं तारिफे. त्यात जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या प्रकरणात येते ते लिहिलेलं असतं. आता कचेरी सुटली, पण सवय सुटली नव्हती. दाढीनंतर लावायच्या सुगंधी कोलोनची बाटली दिसली की त्यांच्या मनात प्रकरण तेहेतीस, साबण दिसला की चौतीस. जमिनीवर पडलेले स्वतःचे केस पाहूनही त्यांना प्रकरण पाच आठवायचं. सासूबाई पहिल्यांदा घरी राहायला आल्या तेव्हा त्यांनी मनातल्या मनात कुठलं प्रकरण लावलं, ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"तारिफे या शब्दाचा अर्थ तरी ठाऊक आहे का तुम्हा लोकांना?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांना ठाऊक होता. ते गेली चार वर्षं दर शनिवारी सांगत होते. पण त्यांना थांबवणार कोण?

"मूळ शब्द अरबी. तारीफ. म्हणजे ओळख करून देणं, जाहीर करणं. पूर्वी बंदराच्या वेशीवर यादी टांगायचे. कापडाला इतके, बेदाण्याला इतके. का? तर कुणाचा चेहरा बघून दर ठरू नये! आपल्याकडून हा शब्द गलबतांत बसून इटलीला गेला, तिथून फ्रेंचांकडे, त्यांच्याकडून इंग्रजांकडे. आज सगळं जग टॅरिफ टॅरिफ करतंय, तो माल आपल्या धक्क्यावरून गेलाय!"

(त्याच घरातला एक भाऊ पूर्वेकडे निघाला आणि आपल्याकडे येऊन 'तारीफ' झाला. एखाद्याची ओळख करून देताना आपण चार चांगले शब्द बोलतो, त्यातलाच हा प्रकार. पण हे फेरिदुन बेयना ठाऊक नव्हतं ते बरंच, नाहीतर शनिवारचं भाषण आणखी लांबलं असतं.)

"चूक," कोपऱ्यातून वर्तमानपत्राआडून कुणीतरी म्हणालं.

हे नेशेत कप्तान. मालवाहू जहाजांवर आयुष्य घालवून गावी परतलेले, जाडजूड, भरघोस मिशांचे. दर शनिवारी फेरिदुन बेयनंतर त्यांचा नंबर असे आणि फेरिदुन बेयना खोटं पाडणं हा त्यांचा नाश्ता असे.

"स्पेनच्या टोकाला तारिफा नावाचं बंदर आहे. मी स्वतः तिथं नांगर टाकलाय. चाचे लोक येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजाकडून पैसे उकळायचे. त्या गावावरून शब्द आला. तुम्ही कचेरीत बसून वाचलंत, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"काय पाहिलंत? शब्द? धक्क्यावर बसला होता?"

"गाव पाहिलं!"

"गावाला नाव पडलं तारिफ नावाच्या सरदारावरून! त्याचा जकातीशी काडीचा संबंध नाही! चाच्यांच्या गप्पा बंदरावरच्या खानावळीत ऐकायच्या आणि इथं येऊन शास्त्र म्हणून सांगायच्या!"

"फेरिदुन बेय, बसा," उस्ता काकुळतीनं म्हणाला. "डावा गाल राहिलाय."

"ज्या दुकानात तारिफे नाही तिथं दाढी करून घेणं बेकायदा आहे," फेरिदुन बेय म्हणाले. "मी एकतीस वर्षं कायदा राखलाय. तारिफे भिंतीवर चढेपर्यंत या गालाला वस्तरा लागणार नाही."

गळ्यातलं कापड त्यांनी काढलं, फेस पुसला. मग नेहमीप्रमाणे खिशातून एक लाख लिराची कोरी नोट काढून कोलोनच्या बाटलीशेजारी ठेवली. अर्धीच दाढी झाली होती, पण त्यांनी पैसे पूर्ण दिले. उस्तानं नोटेकडे पाहिलं, कप्तानांकडे पाहिलं, आणि त्याला एकदम ठसका लागला.

"फेरिदुन बेय, राहू द्या हो. मीच जातो. तुम्ही कशाला तसदी घेता?"

"त्याचं दुकान, त्याला जाऊ दे की," कप्तानही म्हणाले, आणि नवल म्हणजे त्यांच्या आवाजात टिंगल नव्हती.

"तारिफे हा माझा विषय आहे," फेरिदुन बेय म्हणाले आणि निघाले. कप्तानाला मत्सर वाटतोय हे त्यांनी ओळखलं होतं.

बाहेर शेजारच्या किराणावाल्या इल्हामीनं हाक मारली. "फेरिदुन बेय, काय हे? अर्धाच चेहरा घेऊन चाललात?" त्यांनी सगळी हकिगत सांगितली. ती ऐकून इल्हामीचाही चेहरा पडला. "तारिफे? भिंतीवर? सगळ्यांना दिसेल असं? अहो, कशाला त्या भानगडीत पडताय?" असं म्हणून त्यानं, बायकोनं आधीच पैसे देऊन ठेवलेल्या पुडीत आणखी मूठभर ऑलिव्ह कोंबले. तो नेहमीच मूठभर जास्त टाकायचा. बेकरीवालाही दोन पावांवर एक पाव तसाच द्यायचा. चहाच्या बागेत, म्हणजे झाडांखालच्या चहाच्या दुकानात, फेरिदुन बेय खिशात हात घालायच्या आत कुणीतरी त्यांच्या चहाचे पैसे दिलेले असायचे. निवृत्त अधिकाऱ्याला गावानं असा मान द्यावा, याचं त्यांना फार समाधान होतं.

घरी नेबाहात हानिमनं, म्हणजे नेबाहातबाईनं, दार उघडलं आणि नवऱ्याकडे आधी उजवीकडून पाहिलं, मग डावीकडून.

"भांडलात?"

"शपथ घेतली."

"बायरामला माझी बहीण येणार आहे. तिच्यासमोर हे ध्यान घेऊन बसणार?" सगळं ऐकून झाल्यावर तिनंही तेच म्हटलं. "बेय, माझं ऐका. ते तारिफे दुसऱ्या कुणाला आणू द्या."

एका दिवसात चार माणसं एका चांगल्या कामापासून आपल्याला परावृत्त करत आहेत, हे पाहून फेरिदुन बेयचा निश्चय अधिकच पक्का झाला.

सोमवारी ते मिनीबसनं जिल्ह्याच्या गावी गेले. एरवी ते गावाबाहेर पडत नसत, बाजारहाटाचे पैसे बायकोच देई, त्यामुळे मिनीबसवाल्यानं मागितलेलं भाडं ऐकून त्यांना वाटलं त्यानं गाडीच विकायला काढली आहे. "सगळ्याच गोष्टी वाढल्या," ते शेजारच्या प्रवाशाला म्हणाले. "देशात एकच माणूस उरलाय ज्यानं चार वर्षांत दर वाढवला नाही. आमचा कामरान उस्ता. मी निवृत्त झालो त्या आठवड्यात एक लाख, आजही एक लाख." प्रवाशानं त्यांच्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं आणि म्हटलं, "दिसतंय."

संघटनेच्या कचेरीत सेविम हानिम नावाच्या बाई होत्या. त्यांच्या टेबलावर अर्जांचा ढीग होता आणि ढिगावर मांजर झोपलं होतं.

"तारिफे? अर्ज भरा, दोन फोटो आणा."

फेरिदुन बेयचा फॉर्मवर जीव. नमुना दोन, रकाने सतरा, त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी सुंदर अक्षरात सगळे रकाने भरले, 'अर्जदार' समोर स्वतःचं नाव लिहिलं, कारण अर्ज तेच करत होते, आणि खालच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढून आणला.

बाईंनी फोटो उलटसुलट केला. "दोन वेगवेगळ्या माणसांचा एक फोटो चालत नाही."

"मी एकच आहे. तात्पुरती परिस्थिती आहे."

शेवटी उजव्या बाजूनं फोटो काढून आणायचं ठरलं. तो बाईंनी चिकटवला, धपाधप शिक्के मारले आणि हातात एक कार्ड दिलं. फेरिदुन बेयनी चष्मा लावून वाचलं. 'फेरिदुन सोनमेझ. व्यवसाय: न्हावी. सदस्य क्रमांक ४१७.'

"हे काय?"

"अर्जदार तुम्ही. तारिफे न्हाव्यालाच मिळतं. म्हणजे तुम्ही न्हावी."

"हानिम, मी जकातीतला हेड क्लार्क होतो!"

"मग आता पोट भरायला काहीतरी करावंच लागणार. लाजायचं काय त्यात?" बाई मायेनं म्हणाल्या. "नाव काढायचं तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, आणि सभा शरद ऋतूत. तारिफे हवं तर आरोग्य दाखला आणा. छातीचा फोटो, रक्त, त्वचारोग नाही याचं पत्र."

दुसरा कुणी असता तर आरडाओरडा केला असता. पण नियम चुकला नव्हता, अर्जदार चुकला होता, आणि हा फरक फेरिदुन बेयइतका कुणाला कळणार? मंगळवारी ते रुग्णालयात उघड्या अंगानं यंत्रासमोर उभे राहिले. त्वचारोगाच्या डॉक्टरनं त्यांचा डावा गाल निरखून विचारलं, "असं एकाच बाजूला केव्हापासून उगवतंय?" बुधवारी कचेरीत तारिफे शिल्लक नव्हतं, कारण दर बदलले होते. गुरुवारी नवे छापून आले, पण छापखान्यानं एक शून्य कमी छापलं होतं. दुपारभर सेविम हानिम आणि फेरिदुन बेय समोरासमोर बसून रबरी शिक्क्यानं शून्यं मारत होते, म्हणजे बाई शिक्का मारत होत्या आणि फेरिदुन बेय शाई वाळेपर्यंत कागद फुंकत होते. नियमाप्रमाणे आकड्यांवर बाईंचा पालथा हात होता, कारण शिक्का पुरा होईपर्यंत दर गुप्त.

शेवटी एक कागद काचेच्या चौकटीत गेला, चौकट तपकिरी कागदात गेली, आणि बाईंनी गाठीवर लाल लाख ओतून मोहोर उठवली. "दुकानातच उघडायचं. लोक वाटेत आकडे बदलतात."

फेरिदुन बेयनी त्या मोहोरेकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो मोहोरा तपासल्या होत्या, एकही वेळेआधी फोडली नव्हती. संध्याकाळच्या मिनीबसमध्ये ते चौकट मांडीवर घेऊन एखाद्या बाळंतिणीसारखे जपून बसले.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता कामरान उस्ताच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकावर माणसं, बाकाच्या पाठीवर माणसं, दारात माणसं, बाहेर इल्हामीच्या पोत्यांवर माणसं. फेरिदुन बेय आले तशी गर्दीनं वाट दिली. त्यांनी हातोडी आणि चार इंची खिळा घरूनच आणला होता.

"मी ठोकतो," उस्ता म्हणाला. "त्या तिथं, दारामागं छान दिसेल."

"दारामागं? लपवून ठेवायला का आणलंय?" फेरिदुन बेयनी आरशाशेजारची मधली जागा निवडली आणि पहिला घाव घातला. दुसऱ्या घावाला चुन्याचा पोपडा थेट फेसाच्या वाटीत पडला. तिसऱ्या घावाला खिळा एकदम आत गेला आणि भिंतीपलीकडून इल्हामी किंचाळला, कारण तो खिळा त्याच्या फळीवरच्या तेलाच्या डब्यात घुसला होता. इल्हामी हातात झारा घेऊन धावत आला तेव्हा दुकानात तपासनीस झिहनी बेय उभा होता, त्यामुळे त्याला शिव्या पोटातच ठेवाव्या लागल्या.

चौकट टांगली. मोहोर फोडली. वरचा तपकिरी कागद काढला. तेवढ्यात नेशेत कप्तान उठले आणि जांभई देत देत त्यांनी आपल्या गळ्यातला टॉवेल बरोबर चौकटीवर टाकला.

"कप्तान!"

"ओला होता. वाळत घातला."

फेरिदुन बेयनी टॉवेल दोन बोटांनी उचलून कप्तानांच्या मांडीवर ठेवला. झिहनी बेय वही काढून म्हणाला, "चष्मा विसरलोय. कुणीतरी वाचून दाखवा, मी टिपून घेतो."

याहून मोठा मान तो कुठला? फेरिदुन बेय चौकटीसमोर उभे राहिले, घसा साफ केला, आणि बंदराच्या वेशीवर उभं राहून वाचावं तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"केस कापणे, आठ लाख!"

झिहनी बेयची पेन्सिल वहीवर सरकली.

"दाढी, चार लाख." आवाज थोडा उतरला. "कानावरचे केस जाळणे... दीड लाख. लहान मुलाची हजामत... पाच लाख."

मग ते थांबले. त्यांच्या डाव्या मुठीत एक कोरी नोट होती. दाढी पुरी होणार म्हणून त्यांनी ती घरूनच घडी घालून आणली होती. एक लाखाची. चार वर्षं ते दर आठवड्याला दाढी आणि महिन्यातून एकदा केस कापून घेत होते, कानावरचे केस पेटत्या बोळ्यानं जाळून घेत होते, खांदे चेपून घेत होते, कोलोन लावून घेत होते, आणि दर वेळी एक लाख ठेवून, पाठ ताठ करून निघून जात होते. दर बदलल्याचं कुणी जाहीर केलं नव्हतं, म्हणून त्यांच्या लेखी तो बदलला नव्हता.

त्यांनी मान वळवली. उस्ता वस्तऱ्याकडे पाहत होता, इल्हामी झाऱ्याकडे, आणि बेकरीवाला स्वतःच्या बुटांकडे. आणि मग फेरिदुन बेयना एकापाठोपाठ एक सगळं दिसू लागलं. ते मूठभर ऑलिव्ह, तो तिसरा पाव, तो चहा. सेविम हानिम म्हणाल्या होत्या, लाजायचं काय त्यात. गावानं त्यांना मान दिला नव्हता. गावाला त्यांची कीव आली होती. चार वर्षं अख्खं दुतलुक त्यांना दरिद्री समजून सांभाळून घेत होतं आणि ते मिशीवर ताव देत फिरत होते.

"सगळं नियमात आहे," झिहनी बेय म्हणाला, वही मिटून निघूनही गेला. दुकान वाचलं. पण कुणी टाळी वाजवली नाही.

फेरिदुन बेय घरी आले आणि खुर्चीत बसले. नेबाहात हानिम भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"कळलं?"

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, बेय, न्हाव्याचे दर वाढले असतील. तुम्ही म्हणालात, अधिसूचना कुठाय? मग मीच दर बायरामला उस्ताच्या बायकोला साखरेचं पुडकं आणि कापड द्यायला लागले. ती म्हणाली, ताई, काळजी करू नका, पैसे येतात आमचे."

"येतात? कुठून?"

"ते तिनं सांगितलं नाही."

फेरिदुन बेयना लाज वाटत होती, राग येत होता, आणि सर्वांत जास्त वाईट याचं वाटत होतं की आता त्या दुकानात जाता येणार नाही. एकतीस वर्षं कचेरी होती. ती गेल्यावर त्यांच्याजवळ उरला होता तो शनिवार. ती खुर्ची, तो गरम टॉवेल, आणि कोपऱ्यातून 'चूक' म्हणणारा तो आडदांड माणूस.

"उद्या नमाजाला असं अर्ध्या दाढीनं जाणार?" नेबाहात हानिमनं विचारलं. "जा. आणि हे घ्या." तिनं पिठाच्या डब्यातून नोटांचं पुडकं काढलं.

दुपारी ते परत गेले. गर्दी तशीच होती, पण त्यांची नेहमीची मधली खुर्ची रिकामी होती. सकाळपासून गिऱ्हाइकं बाजूच्या खुर्च्यांतच बसत होती, तिच्यात कुणीच नाही. फेरिदुन बेय बसले. उस्तानं कापड बांधलं आणि डाव्या गालावर फेस चढवला.

"कामरान," फेरिदुन बेय आरशात बघत म्हणाले, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? निवृत्त झालात त्या आठवड्यात तुम्ही इथं बसून हुंदके देत होतात, फेरिदुन बेय. मग उठलात, नोट ठेवलीत आणि म्हणालात, निदान इथला दर तरी बदलणार नाही ना? मी म्हटलं, नाही बदलणार." उस्तानं वस्तरा उचलला. "दिलेला शब्द."

फेरिदुन बेयना ते हुंदके आठवत नव्हते. किंवा आठवत होते, पण त्यांनी ते कुठल्याच प्रकरणात नोंदवले नव्हते. त्यांनी कापडाखालून पुडकं बाहेर काढलं. "चार वर्षांची बाकी. मोजून घे."

"बाकी नाही काही. पैसे पोचलेत."

"कुणाचे?"

उस्तानं वस्तरा पुन्हा चामड्यावर घासला. पण न्हाव्याच्या दुकानात आरसा असतो, आणि आरशात उस्ताचे डोळे सरळ कोपऱ्यात गेले. कोपऱ्यात वर्तमानपत्र होतं. ते उलटं धरलेलं होतं.

"दर शनिवारी," पोत्यावरून इल्हामी म्हणाला, त्याला त्या तेलाच्या डब्याचा सूड घ्यायचाच होता, "तुम्ही गेलात की कोलोनच्या बाटलीखाली दोघांचे ठेवतात."

"इल्हामी, जीभ हासडीन!" वर्तमानपत्र गरजलं.

फेरिदुन बेय खुर्चीतून उतरले. पुन्हा गळ्यात कापड, पुन्हा डाव्या गालावर फेस. ते कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि पुडकं पुढं केलं.

"घ्या."

"नाही घेणार."

"कप्तान, मी सरकारी माणूस आहे. मी कुणाचं फुकट घेत नाही."

"चार वर्षं घेतलंत की." कप्तानांनी वर्तमानपत्र खाली केलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि त्यांना ते लपवायचं होतं, म्हणून त्यांनी मिशी पिळली. "पैसे नकोत. फेडायचंच असेल तर एक करा. इथं, सगळ्यांसमोर म्हणा की तो शब्द तारिफा गावावरून आला. एकदाच म्हणा. हिशेब मिटला."

पैसे मागितले असते तर फेरिदुन बेयनी आनंदानं दिले असते. पण हा शब्द म्हणजे त्यांची एकतीस वर्षं होती. ते वळले. आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, शेजारी काचेत ते तारिफे दिसलं. त्यांनी घसा साफ केला.

"मंडळी! तारिफे हा शब्द..."

कप्तान खुशीत पुढे झुकले.

"...अरबी आहे. अर्थ, जाहीर करणं. जे सगळ्यांना कळायला हवं ते वेशीवर टांगणं. तेव्हा मी आज जाहीर करतो की नेशेत कप्तान या गृहस्थानं चार वर्षं, दोनशेहून अधिक शनिवार, माझ्या दाढीचे पैसे भरले. मला कळू दिलं नाही. वरून दर शनिवारी माझ्याशी भांडले, मला संशय येऊ नये म्हणून!"

"तुम्ही चुकीचं बोलता म्हणून भांडलो! बसा!"

"चहाचे पैसेही यांनीच दिले असणार. दिलेत ना?"

"दिलेत," दारातून चहावाला म्हणाला.

"फेरिदुन बेय, पुरे!" कप्तान उठून टॉवेल तोंडासमोर धरत होते. मानेपर्यंत लाली चढली होती.

"पुरे कसं? नीट सविस्तर जाहीर व्हायला हवं. हा माणूस वरून बोंबलणारा आणि आतून लोण्याचा आहे. प्रकरण चार! या माणसाच्या तोडीचा दुसरा माणूस या अख्ख्या किनाऱ्यावर..."

"अरबी!" कप्तान ओरडले. "अरबीच आहे! मान्य! तारिफाचं नावही काढणार नाही! आता तरी गप्प बसा!"

दुकान हसण्यानं दणाणलं. फेरिदुन बेय शांतपणे खुर्चीत परत बसले आणि त्यांनी डावा गाल पुढे केला. सहा दिवस थांबलेला वस्तरा त्या गालावर फिरला, मग उजव्या गालावर उगवलेल्या नव्या खुंटांवरही. उस्तानं कोलोन लावलं, कानावरचे केस जाळले, खांदे चेपले, आणि बाकावरचे, दारातले, पोत्यांवरचे सगळे, दाढी झालेल्याला म्हणायच्या रीतीप्रमाणे, एका सुरात म्हणाले, "आरोग्य लाभो!"

फेरिदुन बेय उठले. तारिफेकडे पाहून त्यांनी एक एक नोट मोजून कोलोनच्या बाटलीशेजारी ठेवली, दाढीचे चार लाख, कानाचे दीड. मग जरा थांबून तितक्याच नोटा आणखी मोजल्या, त्या बाटलीखाली सरकवल्या, आणि टॉवेलमागे तोंड लपवून बसलेल्या कप्तानांना म्हणाले, "चला, तुमचा नंबर. आणि काही बोलायचं काम नाही, नाहीतर पुन्हा जाहीर करीन."